समुद्राजवळ, वादळी भागात बाग कशी करावी?

तुम्ही विचारलंय की घर समुद्राजवळ आहे, चक्रीवादळं येतात, तर बागेत काय लावू आणि वादळाआधी तयारी काय करू. आदल्या दिवशी फार काही होत नाही हो, खरी तयारी रोप लावतानाच होते. माझं एक आंब्याचं झाड पहिल्याच मोठ्या वादळात मुळासकट आडवं झालं, जाऊन बघतो तर मुळं गोल गोल गुंडाळलेली, चार वर्षं जमिनीत होतं पण कुंडीचा आकार काही सोडला नव्हता! तेव्हापासून लावताना गुंडाळलेली मुळं मोकळी करतो, नाहीतर सरळ कापतो. आणि मोठं झाड एकटं नको, तीन-चार जवळजवळ असली की एकमेकांच्या आधाराने जास्त तगतात.

वाऱ्याच्या बाजूला भिंत बांधायचा विचार असेल तर नका बांधू, वारा तिच्यावरून उडी मारून पलीकडे भोवरे करतो आणि नेमका तुमच्या झाडांवर आपटतो. त्यापेक्षा अर्धा वारा आरपार जाईल असं झुडपांचं कुंपण करा, त्याच्या उंचीच्या साधारण 10 पट अंतरापर्यंत आडोसा मिळतो. त्यासाठी खारा वारा सोसणारी रानभेंडी (भाजीची भेंडी नव्हे, पारोसा पिंपळ), उंडी, बोगनवेल वगैरे चालतील. सुरूचं झाडही खारं सोसतं पण मोठं झालं की वादळात पडतं, घराजवळ तर अजिबात नको. केळी, पपई, शेवगा हे मोडणारच असं धरूनच लावा, केळी-शेवगा खालून परत फुटतात.

नारळाच्या हिरव्या झावळ्या छाटून नुसती शेंडी ठेवायची पद्धत आहे ती मला पटत नाही, त्या झावळ्याच मधल्या कोंबाला जपतात. वाळलेल्या झावळ्या आणि नारळ तेवढे उतरवा, आणि कुंड्या आत घ्या, सुटलेली कुंडी म्हणजे तोफगोळाच.

वादळ गेल्यावर पान बोटाने पुसून चाटून बघा, खारट लागलं तर आधी गोड्या पाण्याने झाडं धुवून काढा आणि मातीलाही भरपूर पाणी द्या म्हणजे मीठ खाली जाईल, अर्थात पाणी निचरत असेल तरच. खत मात्र लगेच नको. आणि पानं करपली म्हणून झाड उपटू नका, नखाने साल खरवडा, आत हिरवं दिसलं तर थांबा, माझा चाफा दीड महिना नुसता काठ्यांसारखा उभा होता, मग एकदम सगळ्या टोकांना फुटला.