घरात कन्नड, शाळेत मराठी

प्रश्न : आम्ही मूळचे जत तालुक्यातले असून घरी कन्नड बोलतो. आता सांगलीत राहतो आणि मुलगी मराठी शाळेत पहिलीत आहे. ती दोन्ही भाषांची सरमिसळ करते, ‘ते खुर्ची’ असे म्हणते. घरातले कन्नड बंद करावे काय?

उत्तर : मुळीच करू नये. कन्नड ही द्राविडी कुळातील भाषा असून तिच्यात निर्जीव वस्तू सरसकट नपुंसकलिंगी मानल्या जातात. मराठीत मात्र खुर्ची स्त्रीलिंगी, पलंग पुल्लिंगी आणि टेबल नपुंसकलिंगी, आणि याचे समाधानकारक कारण कोणालाही देता येत नाही. माझे बालपण याच सीमाभागात, आजीचे कन्नड आणि गुरुजींचे मराठी ऐकत गेले; लिंगांचा घोळ सुटला तो मित्रांशी खेळता-भांडताना, व्याकरणाच्या पुस्तकाचा आम्हांला केवळ धाक होता. सरमिसळ तर द्विभाषिक मुले करतातच, कारण जो शब्द आधी आठवतो तो ती वापरतात. मुलीला न टोकता ‘हो, ती खुर्ची जड आहे’ असे योग्य रूप आपण सहज उच्चारावे. दोन्ही भाषांत तिचे बोलणे वयाच्या मानाने मागे वाटल्यास मात्र कानांची तपासणी करून वाचा-उपचार तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा आणि घरी कन्नड बोलले जाते, हे त्यांना आवर्जून सांगावे.