24-16 असा स्कोअर असूनही फेडररचे फॅन नदालला त्याच्यापेक्षा मोठा का मानत नाहीत?

प्रश्न वाचून हसूच आलं, कारण नेमका हाच प्रश्न माझा मामेभाऊ मला गेली कित्येक वर्षं विचारतोय आणि दरवेळी मी काहीतरी वेगळंच उत्तर देऊन सुटतो. टेनिसमध्ये तो नदालवाला, मी फेडररवाला, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर कोणी बायस्ड म्हणायला नको. आहेच मी बायस्ड.

सरळ उत्तर हवं असेल तर: समोरासमोर नदाल भारी होता. विषय संपला. 40 मॅच, 24 त्याच्या, 16 फेडररच्या. ग्रँड स्लॅममध्ये, म्हणजे वर्षातल्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांमध्ये, 14 वेळा भेटले त्यात 10-4. फ्रेंच ओपनमध्ये सहा वेळा भेटले आणि सहाही वेळा नदाल जिंकला, 2008 च्या फायनलमध्ये तर 6-1, 6-3, 6-0, तेव्हा मी तिसऱ्या सेटला टीव्ही बंद करून बाहेर चक्कर मारायला गेलो होतो, खरंच. एवढे आकडे समोर असताना आम्ही मान्य का करत नाही, तर आमच्याकडे एक ठेवणीतलं वाक्य आहे, "अरे पण निम्म्या मॅच क्लेवर होत्या!"

क्ले म्हणजे मातीचं कोर्ट. आता निम्म्या नव्हत्या, 40 पैकी 16 होत्या, पण वाद घालताना एवढं कोण मोजतं. क्लेवर 14-2, म्हणजे क्ले बाजूला काढली तर उरलेल्या 24 मॅचमध्ये फेडरर 14-10 ने पुढे. हार्ड कोर्टवर 11-9, ग्रासवर 3-1. हे खरे आकडे आहेत, मी काही फिरवाफिरवी करत नाहीये. आणि आमचं पुढचं म्हणणं असं की फेडरर क्लेवर जगात दोन नंबरचा होता म्हणून तर फायनलपर्यंत पोचायचा आणि तिथे मार खायचा, उलट नदाल सुरुवातीच्या वर्षांत हार्ड कोर्टच्या मोठ्या स्पर्धांमध्ये आधीच कोणाकडून तरी हरून घरी जायचा, म्हणजे फेडररला चांगलं खेळल्याची शिक्षा मिळाली. 2004 ते 2007 चार वर्षं फेडरर यूएस ओपन जिंकत होता आणि एकदाही समोर नदाल आला नाही.

हे ऐकायला भारी वाटतं. मीही कितीतरी वर्षं हेच ऐकवलं. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर यात एक मोठं भगदाड आहे आणि ते म्हणजे ऑस्ट्रेलियन ओपन. 2009 फायनल, 2012 सेमी, 2014 सेमी, तिन्ही हार्ड कोर्टवर आणि तिन्ही नदालच्या. त्यातली 2009 ची तर विसरताच येत नाही. नदाल सेमीफायनलला व्हर्दास्कोशी 5 तास 14 मिनिटं खेळून आलेला, फेडररला त्याच्यापेक्षा एक दिवस जास्त विश्रांती मिळालेली, आम्ही म्हणलं आता बघू कसा उभा राहतो हा. उभा राहिला, पाच सेट खेळला, पाचवा 6-2 ने जिंकला, आणि बक्षीस समारंभात फेडरर माइकसमोर रडला. मामेभावाने त्या दिवशी फोन केला नाही, ते मला जास्त लागलं. आणि 2006 मध्ये फेडररने अख्ख्या वर्षात 92 मॅच जिंकल्या आणि फक्त 5 हरला, त्या पाचपैकी चार नदालकडून, आणि त्यातली एक दुबईच्या हार्ड कोर्टवर. म्हणजे मातीचं कारण पूर्ण खोटं नाही पण पुरतही नाही.

मग खरं कारण काय होतं? माझ्या मते एकच फटका. नदाल डावखुरा, त्याचा फोरहँड क्रॉसकोर्ट, म्हणजे तिरका येतो तो थेट फेडररच्या बॅकहँडकडे, आणि साधा येत नाही, प्रचंड टॉपस्पिन घेऊन येतो, टप्पा पडला की बॉल खांद्याच्या वर उडी मारतो. फेडररचा बॅकहँड एका हाताचा. दोन हातांचा बॅकहँड असेल तर दुसऱ्या हाताच्या जोरावर खांद्याच्या उंचीवरचा बॉलही दाबता येतो, एका हाताने तिथे नुसता परत ढकलावा लागतो नाहीतर स्लाइस करावा, म्हणजे खालून कापून मारावा लागतो. मग नदाल परत तिथेच मारणार. परत तिथेच. सात-आठ वेळा तिथेच, आणि मग एकदा दुसऱ्या बाजूला. ज्यांनी त्या मॅच बघितल्यात त्यांना तो पॉइंट झोपेतसुद्धा दिसत असेल. क्लेवर बॉल अजून उंच उडतो आणि हळू होतो म्हणून तिथे हा त्रास दुप्पट, बाकी कोर्टवर कमी, पण होताच.

आणि याच्यापेक्षाही एक गोष्ट आहे जी फॅन लोक भांडताना कधी बोलत नाहीत. ब्रेक पॉइंट, म्हणजे समोरच्याच्या सर्व्हवर गेम जिंकून घ्यायची संधी. 2007 च्या फ्रेंच फायनलमध्ये फेडररला 17 ब्रेक पॉइंट मिळाले, घेतला एक. 2008 च्या विम्बल्डन फायनलमध्ये 13 मिळाले, घेतला एक. आम्ही म्हणायचो चोक करतो, मेंटली हरतो, नदालसमोर आला की हात थरथरतात. पण जरा कोर्ट डोळ्यासमोर आणा. 30-40 चा ब्रेक पॉइंट असो की ड्यूसनंतरचा (ड्यूस म्हणजे 40-40), तो नेहमी ॲड कोर्टात सर्व्ह होतो, म्हणजे सर्व्ह करणारा डाव्या बाजूला उभा राहतो आणि बॉल समोरच्याच्याही डाव्या बाजूच्या बॉक्समध्ये पडतो. डावखुऱ्याचा स्लाइस सर्व्ह तिथून वळत वळत बाहेर जातो, उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बॅकहँडच्या पण बाहेर. म्हणजे नदालचा सगळ्यात सोपा, हातखंडा सर्व्ह नेमका त्याच पॉइंटला उपयोगी पडतो जिथे तो अडचणीत असतो. उजव्या हाताच्या खेळाडूला ही सोय नाही, त्याचा स्लाइस दुसऱ्या बाजूला जातो. फेडरर रिटर्न चिप करून कसाबसा आत ठेवायचा, नदाल एक पाऊल सरकून फोरहँड मारायचा, संपला ब्रेक पॉइंट. यात मन कमी आणि भूमिती जास्त. म्हणजे मन नव्हतंच असं नाही, सतरातला एक घेतल्यावर अठराव्याला मनात काय येत असेल ते आपण काय सांगणार.

2008 ची विम्बल्डन फायनल आम्ही दोघांनी एकत्र बघितली, मी आणि मामेभाऊ, एकाच सोफ्यावर. फेडरर सलग पाच वर्षं जिंकून आलेला. पहिले दोन सेट 6-4, 6-4 नदालला, पावसाने खेळ थांबला की आमचं भांडण सुरू आणि खेळ सुरू झाला की दोघं गप्प. चौथ्या सेटच्या टायब्रेकला, म्हणजे 6-6 नंतरच्या निर्णायक गेमला, नदाल 5-2 पुढे आणि दोन सर्व्ह त्याच्याच हातात, आणि त्याने डबल फॉल्ट केला, म्हणजे दोन्ही सर्व्ह चुकवून पॉइंट फुकट दिला. हा आमच्या घरातला सगळ्यात आवडता डबल फॉल्ट. मग 8-7 वर मॅच पॉइंट, नदाल नेटकडे धावत आला आणि फेडररने धावता धावता बॅकहँड मारला, लाइनला धरून, सरळ बाजूने पास. तोच बॅकहँड, ज्याला आयुष्यभर नावं ठेवली. मी सोफ्यावर उभा. भाऊ शांतपणे म्हणाला, "बस रे दादा, अजून एक सेट आहे." होता. 9-7 ला गेला, 4 तास 48 मिनिटं, शेवटी इतका अंधार झालेला की बॉल दिसत कसा होता त्यांना देव जाणे. शेवटचा फोरहँड फेडररने नेटमध्ये मारला. मी उठून पाणी प्यायला गेलो ते बराच वेळ आलो नाही.

आता 2017 चं सांगतो नाहीतर लेखकाने फक्त दुःखच लिहिलंय असं वाटेल. 2014 च्या ऑस्ट्रेलियन ओपननंतर हिशेब 23-10 होता. त्यानंतर दोघं सात वेळा खेळले आणि फेडरर सहा जिंकला. हे बरेच लोक विसरतात. मधे काय बदललं? रॅकेट बदललं, 90 चौरस इंचावरून 97 वर गेला, मोठं डोकं म्हणजे बॅकहँड थोडा चुकीचा लागला तरी जातो. आणि 2016 मध्ये गुडघ्यामुळे सहा महिने बाहेर राहून 2017 ला 17 वा सीडेड (मानांकित) म्हणून ऑस्ट्रेलियात आला तेव्हा त्याने मागे सरकणंच बंद केलं. बॉल टप्पा पडून वर चढत असतानाच, खांद्यापर्यंत यायच्या आधीच मारायचा, सपाट मारायचा, स्लाइस जवळपास नाहीच. जो फटका तेरा वर्षं त्रास देत होता त्याचं उत्तर बेसलाइनवरून दोन पावलं पुढे होतं, एवढं साधं, आणि करायला एवढं अवघड. फायनलला समोर नदालच, पाचव्या सेटला फेडरर 1-3 मागे होता, तिथून सलग पाच गेम घेतले. 4-3 वर नदालच्या सर्व्हवर ड्यूसला 26 शॉटची रॅली झाली, शेवट फेडररच्या फोरहँडने लाइनवरून, ती क्लिप मी किती वेळा बघितलीय हे घरच्यांना विचारा. यावर भावाचं म्हणणं, तेव्हा नदाल दुखापतीतून येत होता. मी म्हणलं, आणि माझा 35 वर्षांचा होता, पाच वर्षांनी मोठा. (वयाचा मुद्दा आम्ही हरल्यावर काढतो आणि जिंकल्यावर पण काढतो, बहुउपयोगी आहे.)

एक हळहळ मात्र दोन्ही बाजूंना आहे. यूएस ओपनमध्ये हे दोघं एकदाही भेटले नाहीत. 2008 ला फेडरर फायनलला, नदालला सेमीत मरेने काढलं. 2009 ला फेडरर फायनलला, नदालला देल पोत्रोने काढलं. 2010 आणि 2011 ला नदाल फायनलला आणि फेडरर सेमीत जोकोविचकडून हरला, दोन्ही वेळा दोन-दोन मॅच पॉइंट हातात असताना! चार वर्षं सलग एकेक मॅचने चुकामूक. तिथे झाल्या असत्या तर 24-16 चं काय झालं असतं यावर आम्ही एकदा अख्खा रविवार घालवलाय.

आता गंमत ऐका, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. फेडररकडे सगळ्यात जास्त ग्रँड स्लॅम होते तेव्हा मी म्हणायचो समोरासमोरचा स्कोअर सोड, एकूण किती जिंकले ते बघ. नदाल 22 वर गेला, फेडरर 20 वर थांबला, मग मी 310 आठवडे नंबर वन वर आलो. भाऊ म्हणायचा मैदान सारखं बदलू नकोस. मग आला जोकोविच. 24 ग्रँड स्लॅम, फेडररविरुद्ध 27-23, नदालविरुद्ध 31-29. आणि एके दिवशी भाऊ मला सांगतोय, "31-29 ला काय अर्थ आहे रे, हार्ड कोर्टवरच्या मॅच बघ ना, तिथे 20-7 आहे म्हणून तसं दिसतं, क्लेवर आमचा 20-9 ने पुढे आहे." मी काही बोललोच नाही, नुसता बघत राहिलो त्याच्याकडे. त्यालाही कळलं. दोन मिनिटं दोघं हसत होतो.

म्हणजे फॅन आधी माणूस निवडतो आणि मग त्याला बसेल अशी पट्टी शोधतो. मी तर असंच केलं, मला फेडररचा खेळ दिसायला आवडला, घाम न येता खेळतोय असं वाटायचं, आकडे नंतर गोळा केले. भावाला नदाल आवडला कारण तो हरलेला बॉलसुद्धा धावत जाऊन आणायचा. या दोन आवडींमध्ये 24-16 कुठे बसवणार.

नोव्हेंबर 2024 ला नदाल निवृत्त झाला त्याच्या आधी फेडररने त्याला एक उघडं पत्र लिहिलं. त्यात सुरुवातीलाच कबूल केलंय की तू मला खूप वेळा हरवलंस, मी तुला हरवलं त्यापेक्षा जास्त. आणि तुझ्यामुळे मला माझा खेळ नव्याने मांडावा लागला, अगदी रॅकेटच्या डोक्याचा साइज बदलण्यापर्यंत. भावाने ते पत्र मला पाठवलं, खाली एवढंच: "दादा, आता तर तो स्वतः म्हणतोय. तू?"

मी लिहिलं, "क्ले सोडून 14-10."