कपाट भरलंय, मग रोज तोच हिरवा कुर्ता का?

प्रश्न: ताई, मी लातूरची, वय २६, एका पतसंस्थेत नोकरीला. रील्स बघून बघून बेज (फिक्या मातकट) कलरचे को-ऑर्ड सेट (वर-खाली एकाच कापडाचे), क्रॉप शर्ट, काय काय मागवलं, मॉडेलच्या अंगावर एवढं भारी दिसतं आणि मी घातलं की दवाखान्याचा पडदा गुंडाळल्यासारखं वाटतं. मग काय, पुन्हा तोच बॉटल ग्रीन कॉटनचा कुर्ता, कोपरापाशी विरलाय तरी तोच. आई ओरडते. दुकानदार म्हणतो सावळ्या रंगाला डार्क चालत नाही. स्वतःची स्टाइल कशी शोधू?

उत्तर: अगं, शोधायली कुठं, कोपरापाशी विरलीये तीच की तुझी स्टाइल! ड्रेस उगाच विरत नाही, तुझा हात आपोआप त्याच्याकडेच जातो म्हणून विरतो. आता तो कुर्ता पलंगावर पसर आणि नीट बघ, गळा बंद आहे का मोठा, बाही कोपराच्या किती खाली, साइड कट कुठून सुरू होतो (स्कूटीवर पाय टाकताना अडत नाही ना, हे त्या कटवरच असतं), खिसा आहे का. मग न घातलेला एक सेट शेजारी ठेव. मला वाटतं फरक रंगापेक्षा कापडात आणि बाहीतच निघेल. आणि त्या दुकानदाराचं काही ऐकू नकोस, बॉटल ग्रीन, मरून, मोरपंखी हे रंग सावळ्या अंगावर उलट खुलतात, त्याला फिका स्टॉक संपवायचा असेल.

बेजबद्दल पण सांगते, रीलमधे तो एसी खोलीत लाइट लावून दाखवतात, आपल्याकडं एप्रिल-मेमधे पारा ४० च्या वर, धूळ, घाम, दुपारपर्यंत काखेत डाग दिसणारच. त्यात बरेच स्वस्त सेट पॉलिस्टरचे, घाम शोषतच नाहीत.

तर पुढचे पैसे ऑनलाइनला घालू नकोस. गंजगोलाईच्या बाजारात जा, नाहीतर नांदेडला चक्कर झाली तर खादी बघ, ४४ इंच पन्ह्याचं अडीच मीटर कापड कुर्त्याला पुरतं. कॉटन म्हणून दिलेलं खरंच कॉटन आहे का हे बघायला काठाचा एक धागा ओढून घरी काडी लाव, पॉलिस्टर वितळून टोकाला कडक मणी होतो, कॉटन कागदासारखं जळून भुरभुरीत राख होते. रेयॉन पण कागदासारखाच जळतो बरं का, म्हणून दुसरा धागा ओला करून ओढ, रेयॉन असला तर पटकन तुटतो, कॉटन ओलं झालं की उलट चिवट होतं. शिवायच्या आधी कापड रात्रभर भिजवून वाळव, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं आणि मग टेलरशी भांडण. टेलरला फोटो दाखवू नकोस, जुना कुर्ताच नेऊन दे, "असाच पाहिजे, फक्त खिसा मोठा" म्हण. आधी एकच शिव, महिनाभर वापर, मग पुढचा रंग. आईला नवीन दाखवलास की जुन्यावरून ओरडायची बंद होईल.

प्रश्न: मी परभणीचा, वय ३१. मित्राच्या लग्नात सगळी गँग नेव्ही ब्लू ब्लेझर घालायलीये. मला वेगळं काहीतरी आपल्याकडचं घालायचंय पण नवरदेव दिसायला नको.

उत्तर: हिमरूचं बिनबाह्यांचं जॅकेट. छत्रपती संभाजीनगरची विणाई, कॉटन आणि रेशीम मिळून, त्यामुळं चमक असते पण जरीसारखी डोळ्यात जात नाही. आत एकरंगी साधा कुर्ता, फेटा नको, मोजडी चालेल, तेवढ्यात नवरदेव वाटणार नाही. एक मात्र बघा, हिमरू नावानं पॉवरलूमचा माल पण भरपूर विकतात, हातमागाचं थोडंच निघतं आणि महाग असतं, तेव्हा दुकानात स्पष्ट विचारूनच घ्या. बजेट नसेल तर पॉवरलूमचं घ्या, लग्नात कोणी उलटं करून बघत नाही. ड्रायक्लीनलाच टाका, घरी बादलीत बुडवू नका.