शेतात काळा, जड दगड सापडला, हात काळे होतात. मँगनीज असेल का? विकला जाईल का?

तुम्ही लिहिलंय की फोटो काढायच्या आधी दगड घासून स्वच्छ धुतला. इथंच माझं डोकं सणकलं. तो धुवायचा नसतो हो! बोटाला लागणारी काजळी हाच तर निम्मा पुरावा.

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या शेतात २००४ साली विहीर खणताना जांभ्याखाली असलेच गोळे निघाले. वरून काजळी, आत टणक, फोडले की द्राक्षाच्या घडासारखे फुगवटे. मी तेव्हा बेळगावात बीएस्सीला. मी म्हटलं मँगनीज. थोरले काका, म्हणजे आमचे तात्या, म्हणाले लोखंड. त्यांनी गोळा हौदावर नेला, नारळाच्या शेंडीनं चकाचक घासला आणि पुडीचा रंग बघायला चार माणसांदेखत पडवीच्या कौलावर ओढला. रेघ लाल!

"लोखंडच की! हे शिकतोस होय कॉलेजात?"

सगळे हसले. हेमॅटाइटची, म्हणजे लोखंडाच्या खनिजाची, रेघ तांबडी येते हे मलाही ठाऊक होतं, त्यामुळे तोंडच बंद झालं. रात्री बॅटरी घेऊन ते कौल पुन्हा बघितलं. बोट फिरवलं तर खाच लागली. म्हणजे ती पूड दगडाची नव्हतीच, कौलाची होती! टणक दगडानं मऊ कौल खरवडलं होतं आणि जी काजळी काळी रेघ देणार होती ती हौदात धुऊन गेली होती. सकाळी पांढऱ्या फरशीच्या खडबडीत पाठीवर ओढलं, काळी कुळकुळीत रेघ. तात्या म्हणाले, "फरशीच घाण असेल." पुढं त्यांनी एका दलालाला 'नमुना तपासणी'चे ५,००० रुपये दिले. दलाल परत आला नाही.

तर बोटाला लागतो तो बहुतेक पायरोलुसाइट, म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. जुना टॉर्चचा सेल फोडल्यावर हात ज्यानं बरबटतात त्या भुकटीत हाच असतो, सोबत कार्बन. पुस्तकात काठिण्य (१ ते १० च्या मोजपट्टीवर) ६ ते ६.५ वाचून गोंधळू नका, ते चांगल्या स्फटिकाचं. भुसभुशीत असला तर २ पर्यंत उतरतो. टणक, फुगवट्यांचा असतो त्याला सायलोमिलेन म्हणतात, आणि दोन्ही एकाच गोळ्यात सुखानं नांदतात. नुसत्या वजनावर जाऊ नका. पायरोलुसाइट पाण्याच्या साधारण ५ पट जड, हेमॅटाइटही तेवढाच. रेघ काळी आली तर लोहचुंबक लावा, कारण मॅग्नेटाइट या लोखंडाच्याच दुसऱ्या खनिजाचीही रेघ काळीच येते, पण तो चुंबकाला चिकटतो.

जखमेवर लावायच्या हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन थेंब टाका. मँगनीज डायऑक्साइड असेल तर फसफसून फेस येतो. हेमॅटाइट जवळपास थंडच राहतो. गेल्या गणपतीत तात्यांसमोर त्याच गोळ्यावर टाकून दाखवलं. म्हणाले, "सोडा घातलास." मात्र फेस शेणामातीनंही येतो, तेव्हा या परीक्षेपुरता ताजा फोडलेला भाग घ्या. आणि संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही टाकू नका, क्लोरीन वायू सुटतो. शेले या रसायनशास्त्रज्ञानं १७७४ साली क्लोरीन पहिल्यांदा असाच काढला होता.

आपल्या बाजूला हा सापडणं नवलाचं नाही. शेजारी जोयड्याकडे मँगनीजच्या खाणी होत्या, पलीकडे बळ्ळारीकडचं संडूर तर त्यासाठी प्रसिद्धच. पाण्यात विरघळलेलं मँगनीज जांभ्याच्या भेगांत हवेशी गाठ पडली की काळं होऊन बसतं. दगडावर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसते, तीही बहुधा याच जातीची. लोक जीवाश्म म्हणून विकतात, घेऊ नका.

विक्रीचं म्हणाल तर दोन बुट्ट्या दगडांना गिऱ्हाईक नाही. टॉर्चच्या सेलच्या कारखान्यांना लागणारा माल भंडाऱ्याच्या डोंगरी बुजुर्गसारख्या खाणीतून निघतो. शिवाय उतारा तुमच्या नावावर असला तरी १९५७ च्या खाण कायद्याप्रमाणे खाणपट्टा मिळाल्याशिवाय खणून विकता येत नाही. फारच वाटलं तर खाण व भूविज्ञान खात्याच्या जिल्हा कार्यालयात तुकडा दाखवा, न धुता. आणि तपासणीचे पैसे आगाऊ मागणारा कुणी दारात आला, तर आमच्या तात्यांचे ५,००० अजून यायचेत, तेवढं त्याला विचारा.