आई दर महिन्याला सलाईन लावून घेते, त्यानं खरंच अंगात ताकद येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई ६२ वर्षांची, माजलगावजवळच्या खेड्यात राहते, बीपीची गोळी चालू आहे. अशक्तपणा वाटला की गावातल्या दवाखान्यात जाऊन बाटली लावून येते, महिन्याला एक तरी. चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा हातपाय गळतात. तुम्ही पुण्याहून फोनवर "नको लावू" म्हणता आणि ती रुसते. सलाईननं ताकद येते का आणि तिला कसं समजवावं, असं तुम्ही विचारलंय.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात स्टाफ नर्स आहे. सलाईननं ताकद येत नाही, हे आधीच सांगते. पण आईला त्यानंतर बरं वाटतं हे खरं आहे आणि तिला थकवा येतो हेही खरं आहे. त्या थकव्याचं कारण अजून कुणी शोधलेलं दिसत नाही. मला काळजी त्याची वाटते.

बाटलीत असतं तरी काय? साध्या सलाईनच्या ५०० मिलीच्या बाटलीत पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ, बस्स. ग्लुकोजची ५ टक्क्यांची बाटली असेल तर मिठाऐवजी २५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे. त्यातून मिळतात शंभरेक कॅलरी. ज्वारीची एक भाकरी याहून जास्त देते. लेबलवर डीएनएस लिहिलं असेल तर मीठ आणि साखर दोन्ही. पिवळी बाटली भारी असते असं बायकांना वाटतं. तिच्यात बी-कॉम्प्लेक्स किंवा मल्टिव्हिटॅमिनचं इंजेक्शन टाकलेलं असतं आणि रंग त्यातल्या एका जीवनसत्त्वाचा असतो. शरीराला नको असलेलं लघवीवाटे निघून जातं, म्हणून त्या दिवशी लघवीही पिवळीजर्द होते.

मग बरं का वाटतं? पाणी कमी प्यालेली, उन्हातून आलेली बाई असेल तर पाण्यानं फरक पडतोच, पण तेवढंच पाणी तोंडानं पोटात गेलं असतं तरी पडला असता. दीड-दोन तास पंख्याखाली नुसतं पडून राहायला मिळतं. शेत, चूल, जनावरं सांभाळणाऱ्या बाईला ते घरी कुठं मिळतं? डॉक्टर दोन शब्द बोलतात, कुणीतरी उशाशी बसतं. याचाही गुण येतो आणि मी त्याला कमी लेखत नाही.

पण बहुतेक वेळा खरा गुण बाटलीसोबत दिलेल्या इंजेक्शनचा असतो. डायक्लोफेनॅकसारखं दुखणं मारणारं किंवा डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड. स्टेरॉइडनं अंग हलकं वाटतं, भूक लागते, सांधे मोकळे होतात, आणि दोन-चार दिवसांत असर उतरला की माणूस पुन्हा होता तिथं येतो. तुमचं "चार दिवस बरं वाटतं" वाचल्यावर मला पहिली शंका हीच आली. तुमच्या आईला तेच दिलं असं मी इथं बसून म्हणणार नाही. तुम्ही मात्र विचारा. पुढच्या वेळी बाटलीचा आणि इंजेक्शनच्या रिकाम्या शिशीचा फोटो काढून पाठवायला घरच्या कुणाला तरी सांगा, आणि औषधांची नावं लिहिलेली चिठ्ठी मागून घ्या. ती मागणं हा पेशंटचा हक्क आहे.

स्टेरॉइड वारंवार गेलं तर साखर वाढते, बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात. पेनकिलर इंजेक्शनांनी किडनीवर ताण येतो आणि बीपीची गोळी नीट काम करत नाही. त्यात मिठाचं पाणी. मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि इथं जवळजवळ तेवढं मीठ एका बाटलीत, जेवणातलं वेगळंच. धडधाकट माणसाची किडनी ते काढून टाकते. हृदय कमजोर असेल किंवा किडनी थकलेली असेल तर तेच पाणी फुप्फुसात साचतं. बाटली चालू असताना दम लागला, खोकल्याची उबळ आली, आडवं झोपवेना, तर नळी लगेच बंद करायला सांगायचं, "थोडीच राहिलीय" असं कुणीही म्हणालं तरी.

एक प्रसंग सांगते, म्हणजे मी कारणावर इतका जोर का देते ते कळेल. ऊसतोडीहून परतलेली एक बाई ओपीडीत आली. वय चाळीसच्या आत. टेबलाला धरून उभी. "मॅडम, एक बाटली लावा की वो, डोळ्यापुढं अंधारी यायली." तिला बसवलं आणि डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत जी लाली दिसायला हवी ती नव्हतीच, सगळं कागदासारखं पांढरं. जीभ गुळगुळीत, नखं मधून खोलगट. बोट टोचून हिमोग्लोबिन केलं, सातच्याही खाली. बाईला ते निदान १२ असावं. फडावर असताना तिला कितीतरी बाटल्या लावून झाल्या होत्या आणि एकदाही कुणी बोट टोचलं नव्हतं. पडद्यामागं नेऊन विचारलं तेव्हा कळलं की कित्येक महिन्यांपासून पाळीत भरमसाठ रक्त जातंय आणि ही मोळ्या उचलतेय. वरच्या दवाखान्यात पाठवली. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली, शिरेतून लोह दिलं. तेही बाटलीत मिसळूनच देतात बरं का, पण त्या बाटलीत तिला जे कमी होतं ते होतं.

तुमच्या आईची पाळी गेलेली असणार. तिला खासगीत, शक्यतो बहिणीकडून किंवा वहिनीकडून, एवढं विचारून घ्या: पाळी गेल्यावर पुन्हा कधी अंगावर गेलंय का? शौचातून रक्त पडतं का, शौच काळं डांबरी होतं का? वजन उतरलंय का, रोज संध्याकाळी कणकण येते का, दोन आठवड्यांच्या वर खोकला आहे का? यातल्या एकालाही "हो" आलं तर पुढच्या बाजाराची वाट न बघता डॉक्टरांना दाखवायचं. पाळी गेल्यानंतरचं रक्त तर थेंबभर असलं तरी अंगावर काढायचं नाही.

बाकी या वयात थकव्याची नेहमीची कारणं ठरलेली आहेत. रक्त कमी असणं हे पहिलं. थायरॉइड, साखर, बी-१२ ची कमतरता, बीपी फार वाढलेलं किंवा गोळीनं फार उतरलेलं. आईच्या गळ्यात माळ असेल, मटण-अंडी वर्ज्य असतील, दूधही चहापुरतंच असेल, तर बी-१२ नक्की तपासा. तळपायाला मुंग्या, तोल जाणं, विसरायला होणं ही त्याची लक्षणं असतात, आणि साखरेची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांमध्येही ते कमी होतं. तिथं इंजेक्शन खरंच लागू शकतं, पण तपासून. आणि मन खचलेलं असतं तेव्हाही बायका "अशक्तपणा आलाय" एवढंच म्हणतात. मुलं लांब, घरात एकटी, झोप नाही. हे डॉक्टरांना सांगायला लाजू नका, त्यालाही औषध आहे.

यासाठी पैसे घालवायची गरज नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासणी-उपचारापर्यंत सगळं मोफत आहे, पण पुष्कळ लोकांना ते अजून माहीत नाही. आपल्या उपकेंद्रावर आता आयुष्मान आरोग्य मंदिर असा फलक असतो. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकारी तिशीच्या पुढच्या सगळ्यांचं बीपी आणि साखर तपासतात. हिमोग्लोबिनही होतं. थायरॉइड किंवा बी-१२ सारख्या तपासण्यांचं प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात विचारा. सकाळच्या ओपीडीला, चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून जायचं. "कधीमधी बाटली आणि इंजेक्शन घेते" हेही डॉक्टरांना आवर्जून सांगायचं. बरेच दिवस स्टेरॉइड घेतलेल्या माणसाचं ते एकदम बंद झालं तर बीपी उतरून माणूस गळून पडू शकतो, म्हणून त्यांना माहीत असलेलं बरं.

रक्त कमी निघालं तर लोहाच्या गोळ्या मिळतील. शौच काळं होतं, थोडं मळमळतं, आणि बायका गोळ्या तिथंच सोडतात. जेवणानंतर घ्या पण सोडू नका. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको, चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेलं काही असेल तर उत्तम. हिमोग्लोबिन भरल्यावरही साठा व्हावा म्हणून आणखी तीनेक महिने गोळ्या चालतात. जेवणाचं एकच विचारा: ती सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं खाते का? भाकरी-ठेच्यावर भागवत असेल तर ताटात घट्ट वरण, मटकी किंवा हुलगे, शेंगदाण्याची चटणी आणि वाटीभर दही रोज आलं पाहिजे.

मग सलाईन कधी लावायची? उलट्या थांबत नाहीत, तोंडानं काही टिकत नाही, जुलाबानं लघवी बंद झाली, उन्हात माणूस बरळायला लागला किंवा बेशुद्ध झाला, डेंग्यूत बीपी उतरलं. अशा वेळी सलाईन जीव वाचवते आणि तेव्हा १०८ ला फोन करायला क्षणभरही थांबू नये.

नुसतं उन्हानं किंवा दोन-चार जुलाबांनी गळून गेल्यासारखं झालं तर ओआरएस पुरतं. एक लिटर पाण्याला एक मोठी पुडी, पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून नातेवाईकांकरवी पाजलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. कॉलऱ्यात जे तोंडानं देऊन माणसं वाचली, ते उन्हाळ्याच्या थकव्याला कमी कसं पडेल? फक्त बीपी आहे म्हणून आईला ते रोजचं सरबत करून देऊ नका, त्यातही मीठ आहे.

आता समजावण्याचं. फोनवर "बाटली लावू नको" म्हणाल तर तिला ऐकू येतं की माझ्या दुखण्याकडे लक्ष देऊ नको. म्हणून बाटलीचा विषयच काढू नका. "आई, तुझं रक्त तपासू, मी येतो," म्हणा. एक दिवस रजा काढा, स्वतः सोबत बसा, तिला काय होतं ते तिच्या तोंडून डॉक्टरांना सांगू द्या. जमत नसेल तर गावातल्या आशाताईंना फोन करा, त्या नेतील. हिमोग्लोबिनचा आकडा तिच्या हातात कागदावर येऊ दे. महिन्या-दोन महिन्यांनी तो वाढलेला दिसला की बाटलीचा हट्ट आपोआप सुटतो, हे मी खूप बायकांमध्ये पाहिलंय. गावातल्या डॉक्टरांशी भांडायला मात्र जाऊ नका. रात्री-अपरात्री तेच जवळ असतात, त्यांना रिपोर्ट दाखवा आणि सोबत घ्या.

रिपोर्ट आले की इथेच खाली आकडे लिहा, मी पाहीन. फोटो टाकणार असाल तर आईचं नाव आणि मोबाईल नंबर झाकून टाका.