होळी झाली की फिरणं का सुटतं?

होळी झाली की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास डोकावतं : "हिवाळाभर मस्त चालू होतं, आता सगळं बंद पडलं." कुणाचं सकाळचं फिरणं सुटलेलं असतं, कुणाची सायकल जिन्याखाली धूळ खात असते, कुणी जानेवारीत जिमची वर्षाची फी भरून बसलेलं असतं. येण्याचं कारण वेगळंच असतं, झोप लागत नाही, चिडचिड होते, घरात खटके उडतात. हे वाक्य मधेच येतं आणि तेवढ्यापुरता आवाज खाली जातो, चोरी कबूल केल्यासारखा.

म्हणून एका बाईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. त्यांना सुनंदाताई म्हणू. नागपुरातल्या एका शाळेत शिक्षिका, वय पंचेचाळीसच्या पुढे, रक्तातली साखर काठावर. डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि दिवाळीनंतर त्या खरोखरच रोज अंबाझरी तलावावर फिरायला जाऊ लागल्या. मार्चमध्ये खंड पडला. माझ्यासमोर बसल्या त्या शाळेची डायरी घेऊनच. मागच्या पानांवर रोजच्या फिरण्याची खूण होती. डिसेंबर, जानेवारी निळ्या पेनाने भरलेले. मार्चपासून लाल पेन. त्यांनी स्वतःची गैरहजेरी मांडली होती, रोजच्या रोज, न चुकता.

"दरवर्षी हेच होऊन राहिलं मॅडम. माझ्यात सातत्यच नाही."

"नाही कसं? लाल पेन तर एक दिवस चुकलेलं नाही," मी म्हटलं. त्या हसल्या, पण पटलं नव्हतं.

पहिल्या काही भेटी या एका वाक्याभोवतीच गेल्या. सातत्य नाही, म्हणजे जिद्द नाही, म्हणजे आपण आळशी, म्हणजे आईसारखा मधुमेह आपल्यालाही होणारच. फिरायला न जाण्यापासून इथवर त्या दोन मिनिटांत पोचायच्या. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर काम करणारी आहे. माणूस काय करत नाही यापेक्षा न केल्यावर तो स्वतःला काय सुनावतो, तिकडे माझं लक्ष जास्त असतं. बरेच जण इथे थेट उपाय मागतात : पहाटेचा गजर लावा, मैत्रीण शोधा, बूट उशाशी ठेवा. स्वतःला नालायक ठरवून बसलेल्या माणसाला असा उपाय दिला, की तो फसल्यावर नालायकीचा आणखी एक पुरावा त्याच्या हाती लागतो.

"मार्चमध्ये नेमकं काय बदलतं?" मी विचारलं.

"काय बदलणार? शाळा सकाळची होते. साडेसहाला घर सोडावं लागतं."

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की त्याचा फिरण्याशी काही संबंध आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. फिरण्याची वेळच शाळेने घेतली होती. मग त्या संध्याकाळी सहाला निघायच्या. दिवसभर तापलेले सिमेंटचे रस्ते तेव्हा वाफा टाकत असतात. तेवढंच अंतर, तोच वेग, पण हातातलं घड्याळ नाडीचे ठोके भलतेच वाढलेले दाखवायचं. निष्कर्ष तयार : स्टॅमिना गेला.

"शाळेचं वेळापत्रक कोण करतं?"

"मीच की. बरीच वर्षं."

"सकाळच्या शाळेत तास किती मिनिटांचा?"

"कमी करावा लागतो. पस्तीस मिनिटं, कधी तीसच."

"मग तेवढे दिवस शाळा बंद पडली असं म्हणता?"

त्या थांबल्या. डायरी उघडली, मिटली. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "शाळा कशी बंद पडेल? वेळापत्रक बदललं ना." आणि पुढचं वाक्य त्यांचं त्यांनाच सुचलं : "मी माझ्यासाठी हिवाळ्याचं एकच केलं होतं."

त्या क्षणाचं मला अजूनही अप्रूप वाटतं. मी हेच पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन लाल पेन उचललं असतं. दर उन्हाळ्याला व्यायाम सोडणारे फारसे आळशी नसतात, उलट नियमाचे पक्के असतात, असं मी आता ठामपणे म्हणते. पंचेचाळीस मिनिटं जमली नाहीत तर पंधरा त्यांना व्यायामच वाटत नाही.

पुढच्या भेटीत त्या वेळापत्रक आखूनच आल्या. आधी शरीराचं समजून घेतलं. उन्हाळ्यात हृदयाला स्नायूंबरोबर त्वचेकडेही जास्त रक्त पाठवावं लागतं, शरीर गार ठेवायला. म्हणून त्याच वेगाला ठोके वाढतात. या उष्म्याशी जुळवून घ्यायला शरीर साधारण एक ते दोन आठवडे घेतं. मग घाम लवकर सुटतो आणि घामावाटे मीठही कमी जातं. हे दिवस निम्म्या वेळेचे ठेवायचे. वेग घड्याळावरून ठरवायचा नाही. चालताना बोलता आलं पाहिजे, धाप लागली की हळू. (माझी विचारपद्धत अमेरिकेतून आलेली, पण अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात वाग्भटानेही थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम करा, एरवी त्याहूनही मंद, असंच सांगितलं आहे.)

चालणं रात्रीच्या जेवणानंतर वीस मिनिटं, कॉलनीतच. शाळेतून आल्यावर जेवणाआधी घरात खुर्चीवरून उठबस आणि भिंतीला हात टेकून जोर. कूलर लावताना खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत दमट होतं आणि घाम वाळत नाही. सगळ्यात जास्त बोललो ते झोपेवर. स्लॅब रात्री बारापर्यंत गरम, सहाच्या आत उठायचं, मग व्यायामाला अंगात राहतं काय? दुपारची अर्ध्या तासाची झोप त्यांनी चोरीछुपे नव्हे, वेळापत्रकात लिहून घेतली. मे महिन्यात सुट्टी आणि साडेपाचलाच उजाडतं, म्हणून त्यांनी तिसरं वेळापत्रकही करून टाकलं. ते मला सुचलं नव्हतं.

ताक, पन्हं चांगलंच. पण रक्तदाब असेल तर मीठ आणि साखर असेल तर गूळ बेताने. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, अशांनी उन्हाळ्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यावं. चालताना गरगरलं, मळमळलं, डोकं ठणकायला लागलं तर लगेच सावलीत बसा, पाणी प्या. बोलणं असंबद्ध व्हायला लागलं किंवा शुद्ध हरपली तर अंगावर पाणी घालत थेट दवाखाना गाठायचा.

आणि ज्यांचा अख्खा एप्रिल गेला आहे, ते विचारतात आता जूनपासूनच सुरू करू का. आज रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटं चाला. जूनमध्ये पुन्हा नवं वेळापत्रक करावं लागेलच.