फोंड्यातल्या मसाल्याच्या युनिटने उधारीवर माल घ्यावा की बँकेची सीसी काढावी?

तुमचं म्हणणं असं की गोव्यात फोंड्याजवळ मसाल्याचं छोटं युनिट आहे, मिरचीवाला तीस दिवस थांबायला तयार आहे, मग सीसीच्या (कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसं उचलायचं कर्ज) भानगडीत पडायचंच कशाला, आणि बाकीचे लहान धंदेवाले कसं जमवतात. मी म्हापशात पॅकिंग मटेरियलचा होलसेल करतो, तुमच्यासारखी बरीच युनिटं माझी गिऱ्हाइकं आहेत, उधारी घेतो पण आणि देतो पण, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगतो.

उधारी जरूर वापरा. बँक तारण मागते, कागद मागते, सप्लायर फक्त मागची पेमेंटं वेळेवर आली का तेवढं बघतो. पण ती फुकट नसते. समजा १ लाखाचं बिल आहे, सात दिवसांत दिलं तर २ टक्के सीडी (कॅश डिस्काउंट, लवकर पैसे दिल्याची सूट), नाहीतर तीस दिवसांत पूर्ण रक्कम. म्हणजे २३ दिवस जास्त थांबण्यासाठी तुम्ही २,००० रुपये सोडताय, वर्षाच्या हिशोबाने ते ३२ टक्क्यांच्या आसपास व्याज झालं! सीसी यापेक्षा खूप स्वस्त पडते. त्यामुळे सीडी मिळते तिथे सीसीतून उचलून रोख द्या, आणि रोख-उधार खरंच एकच भाव असेल तिथे तीसच्या तीस दिवस वापरा. भाव एकच आहे का हे विचारल्याशिवाय कळत नाही, "रोखीचा रेट काय" म्हणून सरळ विचारा, कोणी वाईट मानत नाही.

खरी गोम तारखांत आहे आणि इथेच आपल्याकडची बरीच युनिटं अडकतात. ब्याडगी मिरची तुम्ही फेब्रुवारी-मार्चमध्ये भरणार, विक्री होणार एप्रिल-मेच्या पुरुमेंताला (पावसाळ्याआधीची घरातली साठवण) आणि नंतर चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी, आणि दुकानदार पैसे द्यायला वर महिना-दीड महिना लावणार. म्हणजे देणं तीस दिवसांत आणि येणं तीन-चार महिन्यांनी. हा मधला खड्डा सप्लायरच्या उधारीने भरत नाही, त्याला सीसीच लागते, आणि ती खड्डा पडायच्या आधी मंजूर करून ठेवा, कारण तंगीत असताना बँकेत गेलं की कागदच पुरे होत नाहीत. त्यात जीएसटी वेगळाच: महिन्याला रिटर्न भरत असाल तर बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला टॅक्स भरावा लागतो, पार्टीने पैसे दिले असोत वा नसोत.

शॅक (किनाऱ्यावरची हंगामी खानावळ) आणि बीचकडच्या हॉटेलांना माल देत असाल तर एप्रिलमध्येच खातं मिटवून घ्या. पावसाच्या तोंडावर शॅक उतरतात, कामगार गावी जातात, मालक फोन उचलतो पण ऑक्टोबरची तारीख देतो. प्रत्येक पार्टीला लिमिट ठरवा, लिमिट भरलं की कितीही जुना संबंध असला तरी पुढची गाडी पाठवू नका. मला हे फार कळकळीने सांगावंसं वाटतं, कारण चांगला माल बनवणारी युनिटं विक्री नसल्यामुळे नाही तर वसुली नसल्यामुळे बंद पडताना बघितलीयत.

आणि उद्यम रजिस्ट्रेशन (लहान उद्योगांची सरकारी ऑनलाइन नोंदणी) केलं नसेल तर आधी ते करा, पैसे लागत नाहीत. तुम्ही उत्पादक आहात, सूक्ष्म किंवा लघु गटात असाल तर २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पेमेंट यायला हवं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं, आणि फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (थकलेल्या पेमेंटच्या तक्रारी ऐकणारी सरकारी समिती) दाद मागता येते. नुसत्या ट्रेडरला, म्हणजे मला, हे मिळत नाही. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या नियमाप्रमाणे मुदत उलटून गेलेलं तुमचं बिल ३१ मार्चला थकलेलंच असेल तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, म्हणून मोठ्या हॉटेलांचे अकाउंटवाले हल्ली मार्चमध्ये स्वतःहून उद्यम नंबर विचारतात. तो नंबर बिलावर छापूनच घ्या.